चामड्याची बाहुली आणि बलिद्वीपाची नवी चित्रकला

बलिद्वीपाच्या आधुनिक चित्रकलेविषयी बोलावयाचे आणि आरंभ गाणगापुरापासून करावयाचा, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु कथेला भाषेची वेस आडवी येत नाही, याचा भीमा-अमरजा संगमावरील या क्षेत्राइतका चांगला दाखला दुसरा कोठे मिळावयाचा? येथील नृसिंहसरस्वतींचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठी. तो रचणारे सरस्वती गंगाधर मात्र मूळचे कानडी भाषिक. याच्या नेमका उलट प्रकार कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या किळ्ळेक्यात लोकांत आढळतो. ही मंडळी घरात मराठीची एक बोली बोलतात, आणि पडद्याआडून गावकऱ्यांना रामायण-महाभारत ऐकवितात ते कानडीतून. त्यांच्या पेटाऱ्यात जी वस्तू असते, तिच्याच जातीच्या वस्तूपासून जावा आणि बली या बेटांवर विसाव्या शतकातील एक समर्थ चित्रकला जन्मास आली. ती कशी आली, आणि आपल्याकडे तसे का घडले नाही, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जावात या खेळाला ‘वायांग कुलित’ म्हणतात. ‘कुलित’ म्हणजे कातडे. तेथील बाहुली म्हशीच्या कातड्याची, जाळीसारखी कोरलेली आणि अपारदर्शक असते. तिची पडद्यावर पडते ती काळी सावली, आणि त्या सावलीत उजेडाचे नाजूक नक्षीकाम. आपल्याकडची बाहुली बकऱ्याच्या कातड्याची, इतकी पातळ केलेली की दिव्याचा प्रकाश आरपार जाऊन पडद्यावर सावलीच तांबडी-हिरवी उमटते. सर्व पात्रांचे संवाद एकट्याने बोलणाऱ्या सूत्रधारास तिकडे ‘दालांग’ म्हणतात. बलिद्वीपातील खेळात देव आणि राजे ‘कवी’ नावाच्या जुन्या जावी भाषेत बोलतात. ती आता फार थोड्यांना समजते. म्हणून त्वालेन नावाचा ढेरपोट्या सेवक धन्याचे बोलणे लोकांच्या भाषेत सांगतो आणि मधूनमधून त्याची थट्टाही करतो. जावात हेच काम सेमारकडे आहे. महाभारतात हे दोघे शोधूनही सापडावयाचे नाहीत. आपल्या खेळातील काळाकभिन्न विदूषक किळ्ळेक्यात आणि त्याची बायको बंगारक्का ही जोडीही व्यासांना ठाऊक नव्हती. खेळ करणाऱ्या समाजाला नाव मिळाले ते मात्र या विदूषकाचे. थोर कथेत आपल्या गल्लीतला माणूस घुसवून ती आपली करून घ्यावयाची, ही रीत मोठी मार्मिक आहे. चित्रकलेतही पुढे तेच घडले.

कथा येथून गेल्या, तेव्हा सारेच येथून गेले, असे म्हणण्याचा मोह आपणांस फार. तो आवरलेला बरा. जावाच्या बलितुंग राजाच्या इ. स. ९०७ मधील लेखात वायांगच्या खेळाचा उल्लेख आहे. आपल्या टापूतील जुना दाखला त्यानंतरचा : बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण, तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणारा चित्रकथक येतो. ठाकर समाजाचे चित्रकथी सिंधुदुर्गातील पिंगुळीस आजही आहेत. त्यांच्या घरी चित्रांच्या पोथ्या आहेत, तशाच चामड्याच्या बाहुल्याही. चित्रांची लांब पट्टी उलगडीत कथा सांगण्याचा जावातील ‘वायांग बेबेर’ त्यांना पाहताक्षणीच ओळखीचा वाटेल.

आता मुख्य गोष्ट. बलिद्वीपात क्लुंगकुंगजवळ कामासान हे चित्रकारांचे गाव आहे. तेथील कापडावरची जुनी चित्रे म्हणजे पडद्यावरून उतरून आलेल्या बाहुल्याच : तेच मुकुट, तेच पोशाख, तीच सपाट आकृती. गिऱ्हाईक म्हणजे राजवाडा आणि देऊळ. १९०६ आणि १९०८ मध्ये डच सैन्यापुढे शरण जाण्याऐवजी बदुंग आणि क्लुंगकुंग येथील राजकुले मरणाला सामोरी गेली, आणि कलेचा राजाश्रय तुटला. उबुदच्या सरदारघराण्यातील चोकोर्दा सुकावती यांनी मात्र आपल्या गावात कलावंतांना आणि पाहुण्यांना थारा दिला. १९२७ मध्ये जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस तेथे आला, १९२९ मध्ये डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट. कागद, शाई आणि नवे रंग गावात आले. १९३६ मध्ये ‘पिता महा’ ही कलावंतांची संस्था निघाली. हे नाव आपल्या ‘पितामह’ शब्दाचेच. कलावंत आपले काम आणीत, त्यातील चांगले निवडले जाई आणि दूरदूरच्या प्रदर्शनांस धाडले जाई.

या चित्रांत देवांच्या जोडीला बाजार, कापणी, कोंबड्यांच्या झुंजी, नदीवर न्हाणाऱ्या बायका आल्या. त्वालेन जणू एकटाच न येता सारे गाव घेऊन आला! तरी कोपरान् कोपरा भरून काढण्याची आणि झाडाचे पान न् पान रेखण्याची जुनी सवय सुटली नाही. स्मशानयात्रेचे मनोरे उभारणारा आणि दगड कोरणारा लेम्पाद (मृत्यू १९७८) कोऱ्या कागदावर शाईची बारीक रेघ ओढी, तेव्हा तिच्यात बाहुलीची कोरीव कड स्पष्ट दिसे. आणखी एक बदल मला सर्वांत मोठा वाटतो : चित्रकार चित्रावर आपले नाव घालू लागला.

हे सारे श्रेय दोघा युरोपियनांना देण्याची चाल आहे. ती मला मान्य नाही. हात मुळातच तयार होते. कागद आणि गिऱ्हाईक तेवढे हवे होते. आणि गिऱ्हाईकाची दुसरी बाजूही पुढे दिसलीच. प्रवाशांच्या आवडीखातर एकच चित्र शेकडो वेळा रंगू लागले.

जावातील नव्या चित्रकारांचाही ओढा बाहुलीकडेच होता. अफांदी (१९०७–१९९०) यांना लहानपणापासून वायांगचे वेड. चित्रकलेचे शिक्षण घेण्यासाठी ते शांतिनिकेतनात आले, तेव्हा त्यांना आता शिकण्याची गरज नाही, असे तेथे सांगण्यात आले. मग त्यांनी भारतभर हिंडून चित्रे काढली. अलीकडचे हेरी दोनो यांनी तर बाहुल्या करणाऱ्या सुकास्मान यांच्याकडे बसून ती विद्या घेतली आणि तिच्यातूनच आपली विचित्र, थट्टेखोर चित्रे उभी केली. १९६० मध्ये सुरकार्ता येथे ‘वायांग वाह्यु’ निघाला. त्यात याच बाहुल्या बायबलमधील कथा सांगतात. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले, त्याचीच ही जावी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे तसा दुवा जुळला नाही. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली, पण तेथे नमुना म्हणून समोर आला तो प्लास्टरचा युरोपीय पुतळा. चित्रकथ्याच्या मुलाला त्या दारातून आत जाण्याचे कारण नव्हते, आणि आतल्यांना बाहेर पाहण्याचे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी चित्रे जपलेली आहेत. परंतु अशा जुन्या चित्रांवर कर्त्याचे नाव नाही, आणि दीर्घकाळ तर त्यांना सरसकट ‘पैठणची चित्रे’ म्हटले गेले. पिंगुळीच्या पोथ्यांशी त्यांचे नाते नंतर ध्यानात आले. उलट उबुदला १९५६ मध्ये उघडलेल्या पुरी लुकिसान संग्रहालयात चित्रकार नावाने ओळखला जातो.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये. भीमव्वांनी तेव्हा वयाची नव्वदी ओलांडली होती. अशा घरांतील मुले आता शाळेत येतात. आजीशेजारी बसून कातड्यावर रावणाची दहा तोंडे कोरावयास शिकलेल्या मुलापुढे रेखाकलेच्या परीक्षेत आपण तांब्या आणि फडके मांडून ठेवतो. त्याच्या घरची रेघ त्याला काढावयास सांगणारा प्रश्न माझ्या तरी पाहण्यात अद्याप आलेला नाही.