पानात न मावणारा तक्ता: लाटेकमधलं लाँगटेबल

थीसिसमधला तक्ता एका पानापेक्षा मोठा झाला तर लाटेक तो आपणहून तोडत नाही. बरं, एरर देऊन थांबतही नाही. पीडीएफ तयार होते आणि तक्त्याच्या खालच्या ओळी गुपचूप पानाबाहेर जातात. लॉग फाइलमध्ये ‘फ्लोट टू लार्ज फॉर पेज’ अशी वॉर्निंग येते, पण ती फाइल उघडून बघतो कोण? (आज्ञांची नावं इथे उच्चारानुसार देतेय, फाइलमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची.)

एक उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे ३५ जिल्हे, प्रत्येकाच्या ग्रामीण, नागरी आणि एकूण अशा तीन ओळी. झाल्या १०५ ओळी, म्हणजे तीन पानं तरी जाणारच.

नेहमीचं टॅब्युलर हा अख्खा तक्ता एकाच खोक्यात बंद करतं, आणि बंद खोकं लाटेक दोन पानांत फोडू शकत नाही. बाहेरचं टेबल एन्व्हायर्नमेंट फक्त ते खोकं उचलून सोयीच्या पानावर ठेवतं. डेव्हिड कार्लाइल यांचं लाँगटेबल हे पॅकेज ओळी सुट्या ठेवतं, त्यामुळे दोन ओळींच्या मध्ये पान बदलता येतं. म्हणूनच लाँगटेबल कधीही टेबलच्या आत घालायचं नाही. तसं केलंत तर मुद्दाच संपला. कॅप्शनसुद्धा लाँगटेबलच्या आतच द्यायची, आणि ओळ संपवतो तसे तिच्यापुढे दोन बॅकस्लॅश द्यायचे.

आता खरा फायद्याचा भाग. सुरुवातीला चार तुकडे लिहायचे असतात: पहिल्या पानाचं शीर्षक (शेवटी एंडफर्स्टहेड), पुढच्या पानांचं शीर्षक (एंडहेड), प्रत्येक पानाचा तळ (एंडफूट) आणि शेवटच्या पानाचा तळ (एंडलास्टफूट). शेवटचा तळ सुरुवातीलाच का, असं सगळ्यांनाच वाटतं. पान भरत असतानाच खाली किती जागा राखायची हे लाटेकला माहीत हवं, म्हणून. एंडहेडच्या तुकड्यात स्तंभांची नावं पुन्हा द्या. नाहीतर तिसऱ्या पानावर परीक्षकांना नुसते आकडे दिसतात, आणि कुठला आकडा स्त्रियांचा नि कुठला पुरुषांचा हे बघायला दोन पानं मागे जावं लागतं. व्हायवाच्या आधी त्यांना हा त्रास कशाला द्यायचा! तिथे ‘पुढे चालू’ असं लिहायला कॅप्शन वापरत असाल तर तिच्या पुढे रिकामा चौकोनी कंस ठेवा. तो नसेल तर तक्त्यांच्या सूचीत एकाच तक्त्याची नोंद दर पानागणिक होते.

तळटीप लाँगटेबलच्या ओळींमध्ये सरळ चालते, आणि आपल्या उदाहरणात ती लागतेच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे या तक्त्यातलं ठाणे आजच्या पालघरसकट आहे. ठाण्याच्या ओळीवर ही टीप नसेल, तर आजचे ३६ जिल्हे मनात धरून वाचणारा माणूस चुकीची तुलना करणार. टीप शीर्षकाच्या तुकड्यात मात्र थेट देऊ नका. तिथे फक्त खूण ठेवायची आणि मजकूर बाहेर वेगळा द्यायचा.

पहिल्यांदा रन केल्यावर स्तंभ पानापानावर वेगवेगळ्या रुंदीचे दिसले तर घाबरू नका. लाँगटेबल रुंदी सहायक फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी वापरतं. दोन-तीनदा रन करा, जुळतं.

एक मर्यादा मात्र राहतेच: पान ओळींच्या मध्ये तुटतं, ओळीच्या आत नाही. एका चौकटीत मुलाखतीतला वीस वाक्यांचा उतारा टाकलात, तर ती ओळ अख्खीच्या अख्खी पुढच्या पानावर जाते आणि मागे अर्धं पान कोरं राहतं. साहित्य-आढाव्याचे तक्ते असेच फुगतात. माझं मत विचाराल तर ज्या चौकटीत परिच्छेद मावत नाही, तो मजकूर तक्त्यात नकोच; प्रकरणात नीट लिहा. जिल्हा आणि त्याच्या तीन ओळी एकत्र ठेवायच्या असतील तर मधल्या ओळींच्या शेवटी दोन बॅकस्लॅशपुढे तारांकन द्या; तिथे पान तुटत नाही.

क्रमांकांची गंमतही बघून ठेवा. साधा तक्ता तरंगता असतो, लाँगटेबल जिथे लिहिलं तिथेच येतं. त्यामुळे कधीकधी तक्ता ६ आधी आणि ५ नंतर छापला जातो. लाँगटेबलच्या आधी क्लिअरपेज दिलं की आधीचे तरंगते तक्ते छापून होतात. आणि कॅप्शन नसलेलं लाँगटेबलही एक क्रमांक खातंच, हे सूची तपासताना लक्षात असू द्या.

दोन स्तंभांच्या जर्नलमध्ये यातलं काहीच चालत नाही, तिथे लाँगटेबल सरळ एरर देतं. शोधनिबंधासाठी १०५ ओळींचा तक्ता एका स्तंभाच्या परिशिष्टात किंवा पूरक फाइलमध्ये टाका आणि मुख्य मजकुरात लागतील तेवढेच पाच-सहा जिल्हे ठेवा.