अंबरातल्या लेस बगची ओळखपरेड

बाल्टिक किनाऱ्यावरचं अंबर म्हणजे इओसीन काळातल्या जंगलांची, कोट्यवधी वर्षांत कठीण झालेली राळ. त्यात माश्या-मुंग्या भरपूर सापडतात, लेस बग मात्र क्वचितच. झाडाचा रस शोषणारा, जेमतेम काही मिलिमीटरचा हा ढेकूणवर्गीय कीटक. आज त्याच्या टिंगिडी कुळात 2,000 हून अधिक जाती आहेत. आपल्याकडे वांग्याची पानं पिवळी पाडणारा लेस बग याच कुळातला.

अंबरात सापडलेला लेस बग नेमका कोणत्या जातीचा, हे ठरवताना आधी पंखाच्या मुळाशी असलेला तिरपा तुकडा पाहतात. पंख मिटलेले असताना तो उघडा दिसला तर कीटक बहुधा कँटाकॅडेरिनी उपकुळातला. छातीवरच्या कवचाच्या मागे वाढलेल्या टोकाखाली झाकला गेला तर टिंगिनी उपकुळातला. मग त्या कवचावरचे उभे कंगोरे मोजायचे: एक, तीन की पाच? त्यानंतर डोक्यावरचे काटे, मिशांच्या चार पेरांची लांबी आणि पंखाच्या कडेला जाळीदार नक्षीतल्या घरांच्या किती ओळी आहेत, हे बघायचं.

मोजणी वाटते तितकी सरळ नसते. बाल्टिक अंबरातल्या कीटकावर पुष्कळदा दुधाळ पापुद्रा चढलेला असतो. अंबरातली चीर शीर असल्याचा भास होतो, वक्र पृष्ठभागामुळे आकार फसवतो. म्हणून कीटकाच्या पाठीला समांतर असा सपाट पैलू घासून काढतात आणि ग्लिसरीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खालची बाजू झाकलेली असेल तर एक्स-रे सूक्ष्म-सीटी स्कॅन उपयोगी पडतं.

एवढं करूनही जात पक्की होतेच असं नाही. एकाच कीटकाच्या डाव्या-उजव्या पंखांतली घरं कमी-जास्त भरतात. काही जातींत लांब आणि आखूड पंखांचे कीटक एकत्र नांदतात. नमुना एकच असेल, तर हा फरक जातीचा की त्या एका कीटकाचा, हे सांगणं कठीण. तरी अशी वर्णनं करण्याचं काम जुनं आहे: 1856 साली गेरमार आणि बेरेन्ट या अभ्यासकांनी बाल्टिक अंबरातल्या कीटकांची वर्णनं छापली. 1990 नंतर गोलुब आणि पोपोव्ह या रशियन अभ्यासकांनी अंबरातल्या लेस बगच्या नव्या प्रजाती वर्णिल्या.

अशा कामात नव्या नावापेक्षा नमुना महत्त्वाचा. तो सार्वजनिक संग्रहालयात हवा, कारण पुढच्या अभ्यासकाला तेच कंगोरे आणि तीच घरं पुन्हा मोजता आली नाहीत, तर त्या नावावर भिस्त ठेवता येत नाही.