हिरड्या शिवशिवतात तेव्हा: पिल्लासाठी चावायचं खेळणं निवडताना

पिल्लू घरात आलं की पहिल्या आठवड्यातच घराची मांडणी बदलते. चपला वरच्या फळीवर जातात, मोबाइलच्या चार्जरला नवी जागा मिळते, आजीची जपमाळ कपाटात बंद होते, आणि तरीही सोफ्याच्या पायावर बारीक दातांची नक्षी उमटतेच. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधायला बसतं आणि समोर रंगीबेरंगी वस्तूंची जत्रा येते: हाडं, चेंडू, दोऱ्यांच्या गाठी, शिट्टी वाजवणारी बदकं. सगळ्यांवर पिल्लाचा हसरा फोटो असतो आणि 'बिनविषारी' हा शब्दही असतो.

हा शब्द बनवणाऱ्यानं स्वतःच छापलेला असतो, हे आधी लक्षात घेऊ या. आपल्याकडे लहान मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत. म्हणजे पाकिटावर विसंबून राहता येईल असं काही नाही. पारख आपणच करायची. ती फारशी अवघडही नाही. खेळणं दोन तऱ्हांनी घात करतं: फार कडक असेल तर दात मोडतो, आणि तुकडे किंवा धागे निघत असतील तर ते पोटात जातात.

आधी दातांचा हिशेब. पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येतात, एकूण २८. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या मधल्या काळात हिरड्या सुजतात, शिवशिवतात, आणि काहीतरी चावलं की बरं वाटतं. ही खोड नव्हे, गरज आहे. ओरडून ती जात नाही. तिला योग्य वस्तू द्यावी लागते. खेळण्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका. पडलेला दात सापडला नाही तर तो बहुधा पिल्लानं गिळलेला असतो आणि त्यानं काही बिघडत नाही.

आता कडकपणा. दुकानात खेळणं हातात घ्या आणि अंगठ्याचं नख त्यात जोरात रुतवून बघा. नखाची खूण उमटली, वस्तू थोडी दबली, तर पुढचा विचार करा. नख घसरलं तर ती वस्तू परत ठेवा, मग ती कितीही महागाची असो. ऑनलाइन मागवलं असेल तर पाकीट फोडल्याबरोबर हीच परीक्षा. दुधाचे दात सुईसारखे बारीक आणि नाजूक असतात, मोडला तर जंतुसंसर्ग खाली वाढणाऱ्या कायमच्या दातापर्यंत पोचू शकतो. मोठ्या कुत्र्यांत धोका असतो वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेला. कडक वस्तू कडाकड फोडताना तिचा कपचा उडतो, आतली नस उघडी पडते आणि कधी कधी डोळ्याखाली सूज येते तेव्हाच घरच्यांच्या ध्यानात येतं. कुत्रं दाढ दुखत असतानाही जेवत राहतं, हे त्यातलं वाईट.

या परीक्षेत नापास होणाऱ्यांची यादी पुष्कळांना आवडणार नाही. कडक नायलॉनची हाडं, हरणाची शिंगं, वाळवलेले खूर हे तर गेलेच, पण रविवारच्या मटणातली नळीही गेली. ती शिजलेली असते, शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिपा निघतात. शिवाय गोल कापलेली नळी खालच्या जबड्यात बांगडीसारखी अडकून बसते आणि ती डॉक्टरांकडे जाऊन कापून काढावी लागते. "आमच्या गावाकडची कुत्री तर हाडंच खायची," असं घरातले ज्येष्ठ सांगतील. खायची खरी, पण त्यांचे दात कुणी उघडून पाहिले होते?

छुर्पीचं प्रकरण थोडं वेगळं. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे दुधापासून करतात ते हे दगडासारखं चीज आता इथेही कुत्र्यांसाठी मिळतं. पदार्थ शुद्ध आहे, वाद नाही. पण तिकडची माणसंसुद्धा ते तोंडात धरून तासन् तास चघळतात, फोडत नाहीत. पिल्लाला एवढा धीर कुठला! द्यायचंच तर तुकडा पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवा. तो कुरडईसारखा फुलतो आणि हलका होतो. पूर्ण गार झाल्यावरच द्या.

दुसरा धोका पोटात जाणाऱ्या वस्तूंचा, आणि तो जास्त गंभीर आहे. चामड्याच्या गाठी मारलेली पांढरट हाडं सगळीकडे टांगलेली दिसतात. कातडं कमावताना निघालेला आतला थर चुन्याच्या पाण्यातून काढून, वाळवून ती केलेली असतात. चघळली की बुळबुळीत होतात, मोठा तुकडा सुटतो, आणि पिल्लू तो अख्खा गिळतं. घशात अडकला नाही तर पोटात फुगतो. मी तरी ती पिल्लाला देणार नाही.

कापूस भरलेली खेळणी मिठी मारून झोपायला छान, चावायला नाहीत. डोळ्यांची बटणं आधी काढून टाका. आतली शिट्टी हे तर पिल्लाचं खास लक्ष्य. आवाज कुठून येतो ते शोधल्याशिवाय ते थांबत नाही, आणि शिट्टी बाहेर आली की ती गिळण्याइतकीच असते. ज्या खेळण्यात दिवा लागतो किंवा गाणं वाजतं, त्यात बटणासारखा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. मुलांची जुनी खेळणी पिल्लाला देताना हे विसरलं जातं.

दोरीच्या खेळण्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं. दोरी आपण एक टोक धरून ओढाओढी खेळण्यापुरती चांगली. खेळ संपला की ती उचलून ठेवायची. पिल्लाजवळ एकटी राहिली तर ते एकेक धागा उकलून गिळतं. लांब धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि मग नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडाव्यात तशी आतडी त्या धाग्यावर गोळा होतात. धागा आतड्याची भिंत कापू शकतो. शस्त्रक्रियेवाचून बहुधा इलाज राहत नाही. मोजे, ओढणीची झालर, शिवणकामाचा दोरा, सगळ्यांचा हाच धोका.

आपण बडोदेकरांनी तर जानेवारीत विशेष जपावं. उत्तरायण आणि वासी उत्तरायण झाल्यावर गच्चीत, झाडांवर, सोसायटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात मांज्याचे गुंते पडलेले असतात. तिळगुळाच्या नादात ते कुणी उचलत नाही. पिल्लाला तो गुंता म्हणजे फुकटचं खेळणं, आणि त्यावर वर काचेची पूड. पिल्लाला गच्चीत सोडण्याआधी घरातल्या मुलांनी एक फेरी मारून गुंते गोळा केले तर पक्ष्यांचंही भलं होईल.

पिल्लू पुन्हा पुन्हा उलट्या करत असेल, खाणं सोडलं असेल, पोटाला हात लावू देत नसेल, शी होत नसेल, मलूल पडलं असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. ओढल्यानं आतडं चिरतं. तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

आकाराचा नियम सोपा: खेळणं संपूर्ण तोंडात, दाढांच्या मागे जाता कामा नये. चेंडू याच कारणानं घातक ठरतो. ओला, गुळगुळीत चेंडू घशात जाऊन श्वास बंद करतो. गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल दाबून लहान होतो आणि मागे जाऊन पुन्हा फुगतो. शिवाय त्याच्या लोकरीत बसलेली वाळू दात झिजवते. फेकून आणण्यापुरता ठीक, तोही पिल्लाच्या मापापेक्षा मोठा. पोकळ खेळणं घेताना त्याला दोन भोकं आहेत ना, ते पाहा. एकच भोक असेल तर आत हवेची पोकळी तयार होऊन जीभ अडकून सुजल्याची उदाहरणं आहेत.

मग द्यायचं काय? माझं पहिलं मत पिल्लांसाठीच्या मऊ रबराला. पोकळ रबरी खेळण्यांचा आजचा प्रकार रूढ झाला त्यामागे एक गमतीदार गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दातांची वाट लावत होता. फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा त्याच्या हाती लागला आणि त्यानं दगड सोडले. त्या तुकड्यावरून 'काँग' हे खेळणं झालं. या कंपनीचं पिल्लांसाठीचं रबर मऊ असतं, लाल रंगाचं मोठ्यांसाठी आणि काळं जबरदस्त चावणाऱ्यांसाठी. काळं जास्त टिकतं म्हणून चार महिन्यांच्या पिल्लाला तेच आणणं ही काटकसर नव्हे. इतर कंपन्यांचंही चालेल. नखाची परीक्षा सगळ्यांना सारखीच.

पोकळीत भरायला आपलं स्वयंपाकघर पुरे. बिनमिठाचा दही-भात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून खेळणं फ्रीझरमध्ये ठेवा; गारव्यानं हिरड्यांना आराम पडतो आणि पिल्लू अर्धा तास गुंततं. कांदा-लसणाची खिचडी नको. बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा तर अजिबात नको, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. पीनट बटर भरणार असाल तर लेबलवर झायलिटॉल नाही ना, ते वाचा. ही गोडी कुत्र्यासाठी विष आहे. जाडसर सुती पंचाचा तुकडा ओला करून, पिळून, गोठवून दिला तरी चालतो, मात्र समोर बसून, आणि धागे सुटायला लागले की तो बाद.

एखादी नको ती वस्तू पिल्लाच्या तोंडात दिसली तर मागे धावू नका. पाठलाग झाला की त्याला खेळ वाटतो किंवा भीती, आणि दोन्हींत ते पटकन गिळून टाकतं. हातात पनीरचा बारीक तुकडा घ्या आणि सौदा करा. चार-सहा खेळणी असतील तर दोनच बाहेर ठेवा, बाकीची डब्यात. आठवड्यानं अदलाबदल केली की जुनंच नवं वाटतं. दर अदलाबदलीला धुऊन नीट बघा. तडा, निघालेला कोपरा, सुटलेला धागा दिसला की सरळ कचऱ्यात.

सहा-सात महिन्यांच्या सुमारास तोंड उघडून एकदा पाहा. नवा सुळा आला आहे आणि दुधाचा सुळाही शेजारी तसाच उभा आहे, असं पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत बरेचदा होतं. तेव्हा डॉक्टरांना दाखवा. आणि त्याच दिवशी खेळण्यांचा डबाही उपसा. तीन महिन्यांच्या पिल्लाला नेमकं बसणारं रबर आता त्याच्या जबड्यात आख्खं मावत असेल.