पर्लच्या अंतरंगात – लेखांक ९ : सबरूटीनला रॅपर

सबरूटीनच्या मूळ कोडला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपला कोड चालवणे म्हणजे त्याला रॅपर घालणे. लागणारा वेळ मोजणे, आलेली मूल्ये लॉगमध्ये नोंदवणे, चुकीची मूल्ये आत शिरण्याआधीच अडवणे ही त्याची नेहमीची कामे. कल्पना जुनी आहे. वॉरन टाइटेलमन यांनी एमआयटीतील १९६६ च्या प्रबंधात लिस्पसाठी ती ‘अ‍ॅडव्हाइस’ या नावाने मांडली होती.

पर्लमध्ये ही सोय सिम्बॉल टेबलमुळे होते. सबरूटीनचे नाव आणि कोड यांची गाठ टाइपग्लोबमध्ये असते आणि नावाने केलेला कॉल ऐन वेळी तेथूनच कोड उचलतो. जुन्या कोडचा रेफरन्स बाजूला ठेवायचा, तो सांभाळणारे निनावी सबरूटीन म्हणजेच क्लोजर तयार करायचे आणि ते टाइपग्लोबला द्यायचे. मग आधी कंपाइल झालेले कॉलही रॅपरमधून जाऊ लागतात. ज्या कोडने पूर्वीच रेफरन्स घेऊन ठेवला असेल, तो मात्र थेट मूळ सबरूटीनच चालवतो.

चांगल्या रॅपरचा सुगावा कॉल करणाऱ्याला लागत नाही आणि मूळ सबरूटीनलाही लागत नाही. त्यासाठी तीन गोष्टी जपाव्या लागतात.

पहिली, आर्ग्युमेंट्स. आर्ग्युमेंट्सच्या अ‍ॅरेतील घटक ही कॉल करणाऱ्याच्या व्हेरिएबलचीच दुसरी नावे असतात. त्यांची प्रत पुढे पाठवली, तर मूळ सबरूटीनने केलेले बदल प्रतीतच राहतात.

दुसरी, कॉन्टेक्स्ट. ‘लोकलटाइम’ स्केलर कॉन्टेक्स्टमध्ये तारीख-वेळेची एक ओळ देते, तर लिस्टमध्ये नऊ आकडे. रॅपरने उत्तर सरसकट अ‍ॅरेत घेऊन तोच अ‍ॅरे परत केला, तर ‘लोकलटाइम’चे उत्तर देणारे सबरूटीन स्केलर कॉन्टेक्स्टमध्ये तारीख-वेळेऐवजी घटकांची संख्या, म्हणजे नुसता ९ हा आकडा देईल. म्हणून ‘वाँटअ‍ॅरे’ला विचारून लिस्ट, स्केलर आणि व्हॉइड हे तीन मार्ग वेगळे ठेवावे लागतात.

तिसरी, ‘कॉलर’. त्याला कॉल स्टॅकवर रॅपरची जादा पायरी दिसते. सबरूटीनकडे ‘गोटू’ने उडी मारली तर ती पायरी राहत नाही, पण नियंत्रण रॅपरकडे परतत नसल्याने नंतरचे काम करता येत नाही.

पॅकेजचे सिम्बॉल टेबल हॅशसारखे वाचता येते, त्यामुळे सगळ्या सबरूटीनना एकाच लूपमध्ये रॅपर घालता येते. त्या यादीत ‘क्रोक’सारखी बाहेरून आयात केलेली नावेही असतात. त्यांनाही रॅपर घातले, तर एरर मेसेज भलत्याच ओळीकडे बोट दाखवतात. कोड मुळात कोणत्या पॅकेजचा, हे ‘बी’ मॉड्यूलने तपासून अशी नावे गाळता येतात.

डेमियन कॉनवे यांच्या ‘हुक लेक्सरॅप’ मॉड्यूलमध्ये कॉन्टेक्स्ट सांभाळलेला आहे आणि ‘कॉलर’ही बदलून रॅपर अदृश्य केले आहे. त्याने दिलेले ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर स्कोप संपताच रॅपर निघून जाते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोडमध्ये हेच काम मूस ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि ‘अराउंड’ या मेथड मॉडिफायरनी करते. पहिल्या दोघांना परतीचे मूल्य बदलता येत नाही. ‘अराउंड’ मूळ मेथड चालवायची की नाही, हेही ठरवू शकते.