वीज, पाणी आणि जमीन : विद्यापीठाच्या आवारातून आष्ट्याच्या मळ्याकडे

शेतकीच्या मासिकात विद्यापीठाच्या आवारातील दिव्यापंख्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यास उत्तर असे की, मोठ्या विद्यालयाचे आवार आणि बागायती मळा यांचा प्रपंच पुष्कळ अंशी सारखाच आहे. दोन्ही ठिकाणी पाणी खालून वर चढवावे लागते. दोन्ही ठिकाणी विजेवाचून एक दिवस निभत नाही. आणि दोन्ही ठिकाणी वीज वापरणारा एक व तिचे पैसे भरणारा दुसरा असल्यामुळे नासाडी कोणाच्या डोळ्यांस टोचत नाही. आष्टा व आसपासच्या गावांतील कित्येक मुलेमुली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, साखराळे येथील राजारामबापू तंत्रशास्त्र संस्थेत आणि आष्ट्यातीलच अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेत आहेत. ऊर्जेची काटकसर हा तेथे आज अभ्यासाचा विषय आहे. तोच अभ्यास आमच्या विहिरीवर व नदीकाठच्या पंपावर का येऊ नये, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सागरमाळावरील आवार

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्ते झाले व डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू झाले. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस सागरमाळाच्या उंचवट्यावर 853 एकर जमीन विद्यापीठास मिळाली. हा माळ त्या वेळी उघडाबोडका होता. आज तेथे दाट झाडी आहे, तलाव आहेत, विहिरी आहेत. माळावर पडणारे पावसाचे पाणी उताराने वाहून जाऊ न देता आवारातच अडवावयाचे, मुरवावयाचे आणि वर्षभर वापरावयाचे, हे धोरण विद्यापीठाने धरले, व त्यायोगे आपल्या पाण्याची गरज मोठ्या अंशी आवारातूनच भागविली.

या गोष्टीत पाण्याइतकाच विजेचाही लाभ आहे, आणि तोच बहुधा लक्षात येत नाही. एक लाख लिटर पाणी, म्हणजे 100 घनमीटर, 60 मीटर उंच चढवावयाचे झाल्यास पंप निर्दोष असला तरी सोळा युनिटे वीज लागते. नेहमीचा पंप शंभर टक्के कामाचा कधीच नसतो. त्याची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तर तीच वीज एक्केचाळीस युनिटांवर जाते. जे पाणी माळावरच पडले व माळावरच राहिले, त्यास तितकेसे चढवावे लागत नाही. अर्थात् पाणी अडविणे ही विजेचीच काटकसर होय.

मोजमाप प्रथम

कोणत्याही आवारात काटकसरीचा आरंभ नवीन यंत्र विकत घेण्यापासून करू नये, मोजणीपासून करावा. कोणत्या इमारतीत दरमहा किती युनिटे जळतात, कोणत्या वेळी जळतात व त्या वेळी तेथे कोण असते, याचा तक्ता प्रथम तयार झाला पाहिजे. यास ऊर्जेचा हिशेब-तपास म्हणतात. ऊर्जा संवर्धन कायदा आपल्या देशात 2001 साली झाला व त्याअन्वये 2002 साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. पंखे, पंप, शीतयंत्रे यांवरील ताऱ्यांच्या खुणा याच ब्यूरोच्या आहेत.

एका वर्गाचा हिशेब उदाहरणादाखल घेऊ. वर्गात सहा पंखे व दहा नळीदिवे आहेत असे समजा. जुना पंखा सुमारे 75 वॉट व जुना नळीदिवा त्याच्या चोकसह सुमारे 50 वॉट घेतो. सर्व मिळून 950 वॉट झाले. नव्या जातीचा पंखा 30 वॉटवर व एलईडी नळी 20 वॉटवर चालते. त्यांची बेरीज 380 वॉट होते. दिवसास आठ तास व वर्षास 220 दिवस धरल्यास पहिल्या रीतीने 1,672 युनिटे व दुसऱ्या रीतीने 669 युनिटे लागतात. एका वर्गात हजार युनिटे वाचली.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या आठ तासांपैकी दोन तास वर्ग रिकामा असून दिवेपंखे चालूच राहिले असतील, तर चौथा हिस्सा वीज निव्वळ बटण दाबून वाचते. तिला एक पैसाही खर्च नाही. कर्मवीर भाऊराव पाटील, ज्यांचे घराणे आपल्या वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व स्वावलंबन हा वसतिगृहाचा पाया ठरविला. आपण वापरतो त्या वस्तूचे श्रम आपणच करून पाहिले की तिची किंमत कळते, हा त्यातील मर्म आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्याने दरमहा स्वतः मीटर वाचून तो फळ्यावर लिहिला, तर व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

सूर्याची वीज केव्हा ?

हल्ली अनेक संस्था छपरावर सौर तावदाने बसवितात. ही गोष्ट स्तुत्य आहे. एक किलोवॅटच्या तावदानांस सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते व आपल्या प्रदेशात त्यांपासून सरासरीने दिवसास चार युनिटे मिळतात. महाविद्यालये दिवसा भरतात व सूर्यही दिवसाच तळपतो, म्हणून हा मेळ चांगला आहे. तथापि क्रम चुकता कामा नये. वर सांगितलेल्या एका वर्गात जी हजार युनिटे वाचली, ती सूर्यापासून मिळवावयाची तर सुमारे पाऊण किलोवॅटची तावदाने लागली असती. गळके पोहरे तसेच ठेवून विहीर खोल करणारा शेतकरी आणि नासाडी तशीच ठेवून छपरावर तावदाने चढविणारी संस्था, यांत फरक नाही. प्रथम मोजणे, मग गळती थांबविणे, आणि शेवटी नवी वीज निर्माण करणे, हाच योग्य क्रम होय.

आमच्या मळ्यांची स्थिती

आता आपल्याकडे वळू. आष्ट्याची जमीन काळी, खोल व कसदार. कृष्णेचे पाणी उपशाने शिवारात आले आणि ऊस व हळद यांनी गावास वैभव दिले. याच वैभवाच्या पोटात एक दुखणे वाढले आहे. भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मंद असतो. निचऱ्याहून अधिक पाणी दिले की भूजल वर येते, उन्हाने पाणी उडून जाते व क्षार वरच्या थरात राहतात. जमीन प्रथम पाणथळ, मग खारवट, आणि पुढे चोपण होते. वाळवे, पलूस, मिरज व शिरोळ या तालुक्यांत अशी क्षारपड रानेच्या राने पाहावयास मिळतात. नीरेच्या कालव्याखाली शतकापूर्वीच हा अनुभव आला होता, आणि 1932 साली स्थापन झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रासमोर तो प्रश्न प्रथमपासूनच होता. आपल्या जवळच कसबे डिग्रज येथे राहुरी कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जमिनीखाली सुमारे तीन-चार फूट खोलीवर सच्छिद्र नळ घालून निचरा केल्यास अशी जमीन सुधारते हे सिद्ध झाले आहे. परंतु तो खर्च एकट्यादुकट्या शेतकऱ्यास झेपण्याजोगा नाही, आणि शेजाऱ्याने साथ दिल्यावाचून निचऱ्याचे पाणी ओढ्यापर्यंत पोचतही नाही.

या दुखण्याचा विजेशी काय संबंध ? संबंध अगदी निकटचा आहे. एप्रिल 2024 पासून महाराष्ट्र सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस पाच वर्षांसाठी, म्हणजे मार्च 2029 पर्यंत, मोफत वीज देण्याची योजना लागू केली. अडचणीतील शेतकऱ्यास हा आधार मोठा आहे व त्याविरुद्ध येथे काही लिहावयाचे नाही. मात्र बिल शून्य झाल्याने मोजणीचे एकुलते एक साधन हातचे गेले. रात्री-अपरात्री वीज येते. ती येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून 'ऑटो' लावून शेतकरी निजतो, आणि पहाटेपर्यंत सरीतून पाणी वाहत राहते. विद्यापीठाच्या रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा आणि आमच्या शिवारात रात्रभर चालणारा पंप हे एकाच जातीचे होत. भेद इतकाच की, पंख्याने वर्गाचे नुकसान होत नाही. पंपाने जमिनीचे होते. जे बिल महावितरण पाठवीत नाही, ते जमीन पाठविते.

पंपाची परीक्षा

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली व 1926 साली त्यांच्या कारखान्याने देशातला पहिला सेंट्रिफ्युगल पंप बनविला. पंप हे यंत्र आपल्याच जिल्ह्याच्या मातीतले, तरी त्याची परीक्षा करणारे शेतकरी विरळा. ही परीक्षा अवघड नाही. दोनशे लिटरचे पिंप किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. वीस सेकंदांत भरले तर पंप ताशी 36 घनमीटर पाणी देतो. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून पाणी पडते तेथपर्यंतची उंची मीटरमध्ये मोजावी. ती 30 असल्यास 36 व 30 यांचा गुणाकार करून त्यास 367 ने भागावे. उत्तर 2.94 येते. इतकी युनिटे ताशी खरी कामास लागतात. मीटर जर तासात 7 युनिटे फिरला, तर कार्यक्षमता 42 टक्के झाली. बाकीची वीज उष्णतेत, घर्षणात व गळतीत गेली.

ती सुधारण्याचे मार्ग साधे आहेत. फुटव्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा व न गळणारा असावा. नळास काटकोनी वळणे कमी असावीत. नळाचा व्यास पुरेसा असावा. तितकेच पाणी तीन इंची नळाऐवजी चार इंची नळातून नेल्यास घर्षणाची तूट सुमारे एकचतुर्थांश राहते. योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावल्यास तारेतून वाहणारा प्रवाह कमी होतो, दाब सुधारतो, व सर्वांचा सामाईक ट्रान्स्फॉर्मर जळण्याचे प्रसंग कमी येतात.

या उपायांनी कार्यक्षमता 42 वरून 55 टक्क्यांवर आली असे धरू. एका एकरास तीन इंच पाणी म्हणजे 308 घनमीटर. पूर्वी त्यास 60 युनिटे लागत, आता 46 लागतील. उसाच्या पंचवीस पाळ्यांत एकरी साडेतीनशे युनिटे वाचली. ही वीज शेतकऱ्याच्या खिशातील आज नसेल, परंतु ती याच प्रदेशाच्या धरणातील किंवा कोळशातील आहे. कोयनेचे पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेस वळविले जाते. बच्छावत लवादाने त्याची मर्यादा 67.5 टी.एम.सी. ठरविली होती. ज्या धरणाची वीज आपण जाळतो, त्याच धरणाच्या पाण्याची वाट आपण उन्हाळ्यात कृष्णेच्या पात्रात पाहतो.

ठिबक आणि पाचट

ठिबक सिंचनाविषयी येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पाटपाण्याच्या मानाने ठिबकाने उसाचे पाणी 40 ते 50 टक्के वाचते, हे खरे. तथापि वीजही त्याच प्रमाणात वाचेल असे मानू नये, कारण नळ्यांत दाब ठेवण्यासाठी आणखी दहा ते पंधरा मीटर उंचीइतका जोर लागतो. 30 मीटर उपशावर 12 मीटर दाब वाढला व पाणी 40 टक्के कमी लागले, तर विजेची बचत सुमारे सोळा टक्केच होते. ठिबकाचा खरा लाभ जमिनीच्या आरोग्यात आहे. मुळांस हवे तितकेच पाणी मिळते व भूजल वर चढत नाही. आमच्या भारी जमिनीस याहून मोठे कारण नको.

विद्यापीठाच्या आवारात झाडांचा पाला जाळावयाचा की कुजवावयाचा, हा प्रश्न येतो. आमच्याकडे तोच प्रश्न पाचटाचा आहे. एकरी तीन-चार टन पाचट तोडणीनंतर पेटवून देणे म्हणजे खत व ओलावा दोन्ही जाळणे होय. तेच खोडव्यात सरीआड पसरल्यास जमिनीची ओल टिकते व पाण्याच्या पाळ्या लांबतात. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेस, जी 'आरती' या नावाने ओळखली जाते, पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीबद्दल 2002 साली व खरकट्यापासून गॅस करणाऱ्या लहान संयंत्राबद्दल 2006 साली आंतरराष्ट्रीय ॲशडेन पारितोषिक मिळाले. वसतिगृहाच्या भोजनगृहास दुसरी व ऊसकऱ्यास पहिली युक्ती उपयोगी पडणारी आहे.

काय करावे ?

सोसायटीच्या सभासदांस आमची सूचना अशी. येत्या हंगामात गावातील दहा पंप निवडावे. त्यांत विहिरीवरचे काही व नदीवरचे काही असावेत. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या चालकांस विनंती करून विद्यार्थ्यांकडून त्यांची वर सांगितल्याप्रमाणे परीक्षा करवून घ्यावी. विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष काम मिळेल व शेतकऱ्यांस आपल्या पंपाची खरी स्थिती कळेल. प्रत्येक पंपाशेजारी एक वही ठेवून त्यात पाळीची तारीख, तास, आणि मीटरचे आकडे लिहावे. त्याच रानात एक नळी पुरून दर महिन्यास भूजल किती फुटांवर आहे तेही टिपावे. भूजल पाच फुटांच्या वर येऊ लागले की ऑटो काढून ठेवावा व पाळी लांबवावी. मोफत विजेची मुदत मार्च 2029 मध्ये संपते. पुढे सरकार काय ठरवील ते ठरवो, तोपर्यंत ज्याच्याजवळ अशा वहीतील चारपाच वर्षांची नोंद असेल, त्यास आपला पंप, आपले पाणी व आपली जमीन यांविषयी दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.