टाके निघाल्यानंतरचे तीन महिने

नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि कारखान्यांतल्या सुरक्षिततेवर पुन्हा बोलणे सुरू झाले. बोलणे यंत्रापाशीच थांबते: प्रेसला सेन्सर आहे का, दोन्ही हातांनी दाबायची बटणे चालू आहेत का. हे प्रश्न हवेतच. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे कशी जातात, ते ‘सेफ इन इंडिया’ संस्थेचे ‘क्रश्ड’ अहवाल सातत्याने मांडत आले आहेत. पण चिरडलेल्या बोटाचा कामगार पुन्हा डायसमोर कधी उभा राहील, हे ज्याच्या सहीने ठरते तो डॉक्टर या चर्चेत नसतो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात शल्यचिकित्सा शिकणाऱ्यांनी जखमेचे जीवशास्त्र सर्वांत आधी या सहीसाठी शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

कातडी दहा-बारा दिवसांत मिटते, टाके निघतात. आतले काम तेव्हा कुठे रंगात आलेले असते. पहिल्या दोन दिवसांत न्यूट्रोफिल पेशी जंतूंवर तुटून पडतात, मागोमाग मॅक्रोफेज येतात. लिबोविच आणि रॉस यांनी 1975 मध्ये गिनिपिगांच्या शरीरातल्या मॅक्रोफेज घटवल्या, तेव्हा जखमेतली घाण साफ होईना आणि नवी ऊतीही रेंगाळली. सफाई करणारी पेशीच पुढच्या बांधकामाची मुकादम आहे. प्रेसखाली चिरडलेल्या बोटात मेलेली ऊती जास्त आणि शाबूत रक्तवाहिन्या कमी, त्यामुळे हा टप्पा लांबतो. अशी जखम नीट साफ न करता घाईने शिवली, तर संसर्ग आतच कोंडला जातो. पुढे फायब्रोब्लास्ट कोलॅजन घालतात. तीन आठवड्यांत त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्ण होते, ताकद मात्र येत नाही, कारण धागे अजून विस्कळीत असतात; ते ओढीच्या दिशेने लागून एकमेकांत घट्ट बांधले जायला कित्येक महिने जातात. लेव्हेन्सन आणि सहकाऱ्यांच्या 1965 च्या प्रयोगात आठवड्याच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम 3 टक्के ताकद होती, तीन आठवड्यांनी साधारण 20 आणि तीन महिन्यांनी 80 टक्के. पूर्ण ताकद कधीच परतली नाही.

तो प्रयोग उंदरांवरचा होता, हा आक्षेप रास्त आहे. पण ती जखम स्वच्छ, सरळ चिरेची होती; चिरडलेले बोट त्याहून लवकर सावरेल असे मानायला आधार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हात बांधून ठेवला तर सांधे आखडतात. खरेच आखडतात, म्हणून तर शिवलेल्या स्नायुबंधालाही लवकर, मोजून-मापून हालचाल देतात. मात्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बोट वाकवणे वेगळे आणि पाळीभर पत्रे उचलणे वेगळे. कामगारालाच घाई असते, असेही सांगतात. कंत्राटी माणसाला असणारच. ईएसआयमध्ये कामावरच्या इजेसाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या 90 टक्के दराने मिळतो, पण डॉक्टर अक्षम म्हणून लिहून देतील तेवढेच दिवस. त्या कागदावर ‘कामास योग्य’ एवढेच न लिहिता कोणती पकड, किती वजन आणि कोणत्या तारखेपासून, हे लिहायला निवासी डॉक्टरांना पहिल्या वर्षापासून शिकवले पाहिजे.