दगडी माळावरील शेती : स्वीडनमधील दक्षिण ओलांड

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यासमोर, बाल्टिक समुद्रात, ओलांड नावाचे चिंचोळे बेट आहे. त्याची लांबी १३७ किलोमीटर. रुंदी मात्र फार झाली तर सोळा. बेटाच्या दक्षिण भागात चुनखडकाचा एक सपाट माळ पसरला असून त्याने अडीचशे चौरस किलोमीटरांहून अधिक जागा व्यापली आहे. स्वीडिश भाषेत अशा माळास ‘आल्वार’ म्हणतात, आणि शास्त्रज्ञांनी तोच शब्द सर्वत्र रूढ केला आहे. प्रथमदर्शनी येथे शेती असेल असे कोणास वाटणार नाही.

हा चुनखडक सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याच्याही आधी, समुद्रतळाशी साचला. पुढे हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी त्याचा पृष्ठभाग खरवडून काढला. त्यावर आज जेमतेम काही सेंटिमीटर माती आहे. कित्येक ठिकाणी तीही नाही. हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी सखल जागी पाणी साचते, गोठते, आणि गोठताना माती उचलून रोपांची मुळे तोडते. उन्हाळ्यात तीच माती कोरडीठाक पडते. अशा स्थितीत वृक्ष तग धरीत नाहीत. पण खडकाच्या भेगांतून व पातळ मातीतून चिवट वनस्पतींची मोठी विविधता आढळते. १७४१ साली कार्ल लिनियस येथे आला तो मुख्यतः रंग देणाऱ्या व औषधी वनस्पतींच्या शोधार्थ. येथील वनश्री पाहून तो चकित झाला.

शेतकऱ्याने या भूमीचे दोन भाग केले. किनारी उंचवट्यावर, जेथे माती खोल आहे, तेथे पिके व गवताची कुरणे. मधला माळ गावाचे सामाईक गायरान. घरे एका रस्त्याच्या कडेने ओळीत बांधली जात. ज्याचा गावच्या जमिनीत जितका वाटा, तितकी त्याच्या घरापुढील जागा रुंद. शेतातून निघालेले दगड रचून लांबच लांब गडगे उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात बेटावर सुमारे दोन हजार पवनचक्क्या होत्या. चक्कीचे सबंध घर एका खांबावर वाऱ्याकडे फिरविता येई. आज साडेतीनशेच्या आसपास उरल्या आहेत.

या शेतकऱ्यांस निसर्गाहूनही राजाचा जाच अधिक झाला. १५६९ साली राजा तिसरा योहान याने सारे बेट राजाचे शिकारीचे रान ठरविले. हरणे पिके खात, पण त्यांना मारण्याची मुभा नव्हती; कुत्रा पाळायचा तर त्याचा एक पाय लंगडा करावा लागे. हा निष्ठुर नियम १८०१ पर्यंत, म्हणजे दोनशे बत्तीस वर्षे, टिकला! त्यानंतर लोकसंख्या वाढली, जमिनी अपुऱ्या पडल्या, आणि शतकाच्या अखेरीस बेटावरील अनेक कुटुंबे अमेरिकेला गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा माळ उघडा राहिला तो केवळ खडकामुळे नव्हे. हजारो वर्षे गुरे-मेंढ्या चरत आल्या म्हणून झुडपे वाढली नाहीत. विसाव्या शतकात चराई घटली, तेव्हा जुनिपर व पिवळ्या फुलांची पोटेंटिला ही झुडपे पसरली आणि त्यांच्या सावलीत लहान, प्रकाशप्रिय वनस्पती मागे हटू लागल्या. त्यांत ओलांडबाहेर कोठेही न आढळणारी हेलिअँथेममची एक जात आहे.

१९७२ साली सहा किलोमीटरांचा पूल झाला आणि बेट मुख्य भूमीस जोडले गेले. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात आल्यावर चराईसाठी अनुदान मिळू लागले. जुनिपर तोडून माळाचे मोठे भाग पुन्हा मोकळे करण्यात आले. २००० साली युनेस्कोने दक्षिण ओलांडच्या या कृषिभूमीचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. गडग्यांच्या आत पिके उभी असतात, आणि उन्हाळ्यात गुरे पूर्वीप्रमाणेच माळावर चरण्यास सोडली जातात.